भागीरथीला कानडी शिकवताना

हे मी सकाळी लिहितो. सकाळी माझं डोकं माझं असतं. ऊन ओसरीची पायरी उतरून अंगणात गेलं की डोक्याचा भरवसा नाही, आणि दिवेलागणीनंतर या घरात जो म्हातारा बसतो त्याची माझी ओळख नाही. त्याच्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते भागीरथीनं सांगितलेलं. भागीरथी म्हणजे माझी बायको. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली.

ज्याच्या घरी हा आजार येईल त्याच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितोय, असं मी कचेरीतल्या माझ्या जुन्या सोबत्याला, करीमसाबला, सांगितलं आहे. ते खरंच आहे. पण खरं कारण असं की मला भयंकर भीती वाटते, आणि कागदावर उतरवल्याशिवाय माझी कुठलीच गोष्ट आजवर पक्की झालेली नाही.

नकलनवीस

मी धाराशिवच्या तहसील कचेरीत नकलनवीस होतो. सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद, घरी आम्ही धाराशिवच म्हणतो. नकलनवीस म्हणजे जुन्या निकालांच्या, जमिनीच्या कागदांच्या नकला करून देणारा कारकून. निजामाचं राज्य, म्हणून सगळं काम उर्दूत. माझी आई, आमची अव्वा, आळंदकडची, घरात कानडी. सात वर्षांचा होईतो मला दुसरी भाषाच येत नव्हती. मग वडिलांनी इकडं दुकान टाकलं आणि रस्त्यावर मराठी शिकलो. शाळेत उर्दू आली. लग्न झालं ते ईट गावच्या मुलीशी, तिला मराठीशिवाय काही येत नाही. आई वारल्यावर घरात कानडी बोलायला कुणी उरलंच नाही. तीस वर्षं मी त्या भाषेत एक शब्द बोललो नसेन.

नकलनविसानं कागद समजून घ्यायचा नसतो, जसाच्या तसा उतरवायचा असतो. समजून घ्यायला गेलं की हात आपल्या मनाचं लिहितो आणि नकल बिघडते. नव्या पोरांना मी हेच शिकवायचो आणि न ऐकणाऱ्यांना चांगला दम द्यायचो. या शिस्तीनंच माझा घात केला. उर्दू माझ्या डोक्यातून जायला लागली तेव्हा वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही, कारण रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी मी अक्षरं उतरवत होतो. अर्थ कधीच निघून गेला होता, वळण तेवढं राहिलं होतं. लोक माझ्या अक्षराची तारीफ करत होते.

पकडलं ते करीमसाबनं. नकल झाली की मुकाबला होतो, म्हणजे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवत हां हां म्हणायचं. वीस वर्षं आम्ही दोघंच मुकाबल्याला बसत होतो. नकलेच्या तळाशी नकल करणाऱ्यानं स्वतःचं नाव लिहायचं असतं. त्या दिवशी करीमसाब तळापर्यंत आला आणि थांबला. मी माझ्या नावाच्या जागी मूळ कागदावरच्या मुन्शीचं नाव, त्याच्या सहीच्या फराट्यासकट, उतरवलं होतं. तो मुन्शी मी नोकरीला लागण्याआधीच वारला होता.

"मियाँ," करीमसाब हळूच म्हणाला, "ये तुमारा नाम नै है."

मी हसलो आणि कागद बदलला. त्यानं कपाट उघडून त्या आठवड्याच्या बाकीच्या नकला काढल्या. आणखी तीन नकलांवर तेच होतं. कुणी वरच्यानं पाहिलं असतं तर खोट्या सहीचा खटला झाला असता. करीमसाबनं कुणाला काही न सांगता चारही नकला स्वतः लिहून काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरी येऊन भागीरथीला म्हणाला, "भाभी, आप्पाको दवाखानेको ले चलेंगे." मला सगळे आप्पा म्हणतात.

महिने

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासली, गुडघ्यावर टिचकी मारली. मग म्हणाले, "आप्पा, कचेरीतले महिने म्हणा बघू."

कचेरीत निजामाच्या फसली सालाचे महिने चालायचे. एकतीस वर्षं मी ते रोज कागदाच्या डोक्यावर लिहिलेले. आजूर, दय, बहमन, इस्फंदार. पुढं काही नाही. नुसतं पांढरं. मी पुन्हा आजूरपासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथंच येऊन उभा राहिलो.  भागीरथी दाराशी पदर धरून उभी होती, तिला वाटलं मी मुद्दाम थट्टा करतोय. "म्हना की वो नीट," ती म्हणाली.

मग डॉक्टर म्हणाले, "आता आपले म्हणा." चैत्र-वैशाख घडाघडा म्हटले.

डॉक्टर चांगले होते. खोटं बोलले नाहीत. "वय झालं की मेंदू वाळत जातो, आप्पा. बऱ्याच जणांचा सावकाश, कुणाचा लवकर. तुमचा लवकर चाललाय. शेवटी जे शिकलात ते आधी जाईल. झोपेचं औषध देतो, दुसरं माझ्याकडं काही नाही."

 टांग्यात करीमसाब एकदा म्हणाला की हैदराबादेत मोठे डॉक्टर आहेत. मी म्हटलं, ते महिने बारा करून देतील का?  मला त्याच्यावर, डॉक्टरांवर, टांग्याच्या घोड्यावरसुद्धा राग येत होता.

कचेरीनं मला गाजावाजा न करता घरी बसवलं. पुढच्या साली पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि कचेरीतून उर्दूही चालली. करीमसाब डबा घेऊन घरी आला तो ओसरीवर बसून कितीतरी वेळ हसत राहिला. "तुमारे दिमाग से गई, मेरे मेज से गई," म्हणाला. हसता हसता डोळे पुसले. त्या दिवसांत मुसलमान म्हणून त्याला रस्त्यानं चालायचीसुद्धा धास्ती होती, तरी तो दर गुरुवारी यायचा. हे मी विसरायच्या आत लिहून ठेवतो.

उजवा हात

एका सकाळी मी कोट-टोपी घालून कचेरीला निघालो. घरी बसून तेव्हा वर्ष होत आलं होतं. भागीरथी मागच्या अंगणात भांडी घासत होती. कोपऱ्यावरच्या दगडी पायरीवर पाय सटकला आणि मी उजव्या हातावर पडलो. गल्लीतल्या हाडवैद्यानं मनगटाला कामट्या लावून करकचून बांधलं. तिसऱ्या दिवशी ताप भरला, मी भ्रमलो आणि मला दवाखान्यात ठेवलं.

नऊ दिवस होतो म्हणे. मला आठवतं ते तुकड्यातुकड्यानं. पहाटे फिनेलनं पुसलेली फरशी, कंपौंडरची घंटा, पातळ दूध, पावाचा तुकडा, आणि डॉक्टर यायच्या वेळी नातेवाइकांना बाहेर हाकलणारा चौकीदार. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढून ठेवा म्हणाले तेव्हा मी म्हणे लहान पोरासारखा ओरडलो. आम्हा लिंगायतांत ती दीक्षेपासून मातीपर्यंत अंगावर असते. डॉक्टरांनीच राहू द्या म्हटलं. देव त्यांचं भलं करो.

त्यातले दोन दिवस मी एकच वाक्य म्हणत होतो. कै ब्यानी आग्याद. कै ब्यानी आग्याद. खाटेच्या कागदावर कंपौंडरनं लिहिलं, बडबड चालू आहे. भागीरथी उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती आणि म्हणत होती, "व्हय, व्हय, पडा गप." ती रडत होती, कारण तिला वाटलं मला वेड लागलं.

शेजारच्या खाटेवर उमरग्याकडचा एक बैलांचा व्यापारी होता. ऑपरेशन झालेलं, शुद्धीत नसायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं डोळे उघडले आणि जरा ऐकून म्हणाला, "ओ बाई, म्हातारा कानडीत हात दुकतोय म्हनतोय की. कवाधरनं वरडतोय, कुनी बघंना का?"

पट्टी सोडली तेव्हा बोटं काळीनिळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर हात गेला असता.

भागीरथीनं तो हात मांडीवर घेतला. त्या संध्याकाळी ताप उतरल्यावर मी मराठीत पाणी मागितलं. तिनं पाणी दिलं नाही, आधी माझ्या तोंडाकडं बघत बसली. मग म्हणाली, "दोन दिस तुमी माज्यापाशी दुकनं सांगत व्हता. म्या व्हय व्हय म्हनत व्हते." आणि थोड्या वेळानं, "डागदरसायेब म्हनलेवते, शेवटी शिकल्यालं आदी जातं. उर्दू गेली. आता मराटीची पाळी हाय न्हवं?"

तोवर मी हा हिशेब केलाच नव्हता. कधीतरी माझ्याजवळ फक्त आईची कानडी उरणार, आणि बेचाळीस वर्षं ज्या बाईशी बोललो, भांडलो, हसलो, तिला त्यातला एक शब्द कळणार नाही. मला काही दुखलं तर ते तिला कळणार नाही. मला भीती वाटली तर तिनं काय म्हणावं हे तिला ठाऊक नसेल. मेंदू वाळून माणूस मरत असता तर बरं होतं. तो जिवंत राहतो, आणि आपल्याच चुलीपाशी परक्या मुलखात बसतो. मी तोंडावर चादर ओढून घेतली आणि रडलो. वॉर्डातल्या लोकांनी पाहिलं असेल, पाहू दे.

धडे

घरी आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी तिनंच विषय काढला. "मला ती तुमची अव्वाची बोली शिकवा. हायेत शुद्दीत तवर."

"या वयात?" मी म्हटलं.

"तुमी ह्या वयात इसरायलाव, मग म्या ह्या वयात शिकले तर काय बिगडलं?"

तेव्हापासून रोज सकाळी पूजा झाली की आमची शाळा भरते. पूजेचं मात्र अजून चुकत नाही. डाव्या तळव्यावर लिंग ठेवलं की उजवा हात आपोआप विभूतीकडं जातो, मंत्र आपले येतात. पण पूजा झाली हेच मी विसरतो. पूजेशिवाय आमच्यात तोंडात पाणी घालत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा पूजेला बसायचो आणि दुपारपर्यंत उपाशी राहायचो. भागीरथीनं तोड काढली. पूजा झाली की वाहिलेलं फूल मीच कोनाड्यात ठेवायचं. कोनाड्यात फूल दिसलं की जेवायचं. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना सांगतो, त्याच्याशी वाद घालू नका, त्याला फूल दाखवा.

तर शाळा. ती ज्वारी निवडते, मी खांबाला टेकून बसतो. पहिलं वाक्य मी ठरवून दिलं. अंजब्याड्री, ना इल्ले अदीनि. घाबरू नका, मी इथंच आहे. ते यायला तिला पाच दिवस लागले. तिची जीभ फिरेना, मी चिडायचो. नकलनविसाचा स्वभाव, एक काना चुकला तरी मला सोसत नाही. "तुमच्या मास्तरकीला आग लागो," म्हणून ती सूप आपटून उठायची आणि आतून मोठ्यानं तेच वाक्य चुकीचं म्हणत राहायची. मग दुखणं कसं विचारायचं, भूक, थंडी, लघवी, बस, नीज. स्वयंपाकाचे शब्द तिनं भराभर उचलले. बाकीचे गळायचे. दोन महिन्यांत शंभरेक शब्द झाले असतील, आणि ऐकलेलं त्याहून बरंच कळू लागलं.

मुलगा विश्वनाथ ढोकीच्या स्टेशनावर नोकरीला आहे. सुट्टीत आला, आईच्या तोंडी कानडी ऐकली आणि संतापला. "आई, तू त्यांना मराठीतच बोलायला लाव. कानडीत उत्तर दिलंस तर आहे तेवढी मराठीपण लवकर जाईल. तूच त्यांना ढकलायलीस."

"आन तवर त्यांनी कुनाशी बोलायचं? भिंतीशी?"

तो माझ्याकडं वळला. "मग मला पण शिकवा की! मी तर तुमचा मुलगा आहे. मला कुठं येतंय?" असं म्हणून तो उठून गेला. दिंडीदरवाज्यापाशी उभा राहून रडत होता. मुलाला कानडी शिकवायला मला तीस वर्षं होती. मला कधी सुचलंच नाही. आणि तो म्हणाला ते खोटं आहे असंही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. रोज सकाळी मी तिला एक दार उघडून देतो, आणि कदाचित त्याच वेळी माझ्यामागचं एक दार लागत असेल. कुणाला विचारावं? डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, मला माहीत नाही.

दिवेलागणीचा माणूस

एकदा तिच्या दंडावर निळा डाग दिसला. "दार लागलं," म्हणाली. गुरुवारी करीमसाबला विचारलं. भागीरथीनं त्याला खरं सांगितलं होतं, पण आधी तो टाळू लागला. मग म्हणाला की दिवे लावायला ती आत आली तेव्हा मी तिला काठीनं मारलं. माझ्या घरात ही बाई कोण शिरली म्हणून कानडीत ओरडत होतो.

बेचाळीस वर्षांत मी तिच्यावर हात उगारला नव्हता. त्या दिवशी मला जगावंसं वाटलं नाही. काठी मीच चुलीत घातली आणि भागीरथीला शपथ घातली, रोज सकाळी मला सगळं सांगायचं. तो म्हातारा काय बोलला, काय केलं, काही लपवायचं नाही. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, आयुष्यभर मुकाबला केलेला माणूस आहे मी. नकल बिघडली तर निदान कळू तरी दे.

ती सांगते. दुपारभर आईची वाट बघितली. भाकरी परत केली, अव्वानं केलेली पाहिजे म्हणून. कधी चांगलंही असतं. परवा भ्यालो होतो, तिनं अंजब्याड्री म्हटलं, मी शांत झालो आणि तिचा हात धरून झोपलो. हे सांगताना तिचं तोंड उजळलं होतं. त्या एका सकाळी मला वाटलं, आम्ही जिंकलो.

आज सकाळी ती ज्वारी घेऊन बसली, पण बोलेना. मी शपथेची आठवण दिली.

"काल तुमी लई ग्वाड बोललात," ती म्हणाली. "दिवा लावला, तुमच्यापाशी बसले, कानडीत इचारलं, दुकतंय का. तुमी म्हनलात, बाई, तुजं कानडी कच्चं हाय. कुनी शिकिवलं?"

"मग?"

"म्या म्हनलं, माज्या मालकांनी."

सुपातले खडे ती वेचत राहिली. 

"तुमी म्हनलात, चांगला मानूस दिसतोय. म्हाताऱ्या बायकूला कोन शिकिवतं? कुटं असतो? म्या म्हनलं, बाहीर गेल्यात, येतेत सकाळी. तर तुमी म्हनलात, मग हितं परक्या घरात कशाला बसलीस? अंदार पडायलाय, जा घरी. तो तुजी वाट बघत आसंल." तिनं पदरानं नाक पुसलं. "उटून मला दारापत्तुर पोचवायला आलात. पाय संबाळ म्हनलात. म्या बाहीर पायरीवर बसले, आन तुमी इसरल्यावर आत आले."

ओसरीवर ऊन होतं. कोनाड्यात फूल होतं. माझ्या तोंडून एकच निघालं, "भागीरथी, माफ कर."

"माफीचं न्हाय वो," ती म्हणाली. "मला बोलता आलं न्हाय. काय म्हनावं त्ये ठावंच नवतं. मी न्हाय जानार, असं कानडीत कसं म्हनत्यात?"

मी सांगितलं. ना होगंगिल्ल.

तिनं म्हटलं, चुकलं. मी दुरुस्त केलं. पुन्हा चुकलं. आज मी चिडलो नाही. सातव्या वेळी बरोबर आलं. त्यानंतरही ती म्हणत राहिली, पण आता ती माझ्याकडं बघत नव्हती. दिवेलागणीला तो म्हातारा ज्या कोपऱ्यात बसतो, त्या रिकाम्या कोपऱ्याकडं तोंड करून ती म्हणत होती.